आधी आपली माणसं सांगा

आंटीची ऑनलाइन मीटिंग असली की मला आदल्या दिवसापासून चैन पडायचं नाही. ती ऑस्ट्रेलियातली आदिवासी, आणि तिच्याच लोकांच्या किडनीच्या आजारावर चाललेल्या संशोधनाची प्रमुख. मान द्यायचा म्हणून तिचे लोक तिला आंटी म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो. आकडेमोड आमच्या रियाधच्या ऑफिसकडे होती. तिची अट एकच. नव्या माणसानं आकड्यांना हात लावण्याआधी आपण कुठल्या मातीतले, कुठल्या लोकांतले, हे सगळ्यांसमोर सांगायचं. ज्यांचं रक्त तपासलं त्यांना कळायला हवं ना, कोण मोजतंय ते!

त्या सकाळी माझी पाळी होती. मला तिचा रागच आला. इकाम्यावर, म्हणजे इथं राहायच्या परवान्यावर, इंडियन लिहिलंय, तेवढं पुरत नाही का? शेजारच्या खुर्चीत ऑफिसातले दुसरे मराठी गृहस्थ. शुक्रवारची जेवणं त्यांच्याकडे, मुली एकाच शाळेत. पहिल्या भेटीतच त्यांनी "मूळच्या कुठल्या?" असं विचारलं होतं. खरा प्रश्न कोणता ते मला कळलं होतं. "कर्जतकडची," म्हणून मी सुटले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आधी ते बोलले. घराण्याची कीर्ती सांगून झाल्यावर मला म्हणाले, "यल्ला, आता तुम्ही."

मी खुर्ची पुढे ओढली.

"मी कातकरी. आदिवासी. लहानपणी आमच्या वाडीवर माणसं यायची, पोरांच्या दंडाला पट्टी लावून माप घ्यायची आणि निघून जायची. माझंही घेतलं होतं."

"किती भरलं?" आंटीनं विचारलं.

"माहीत नाही. आईला कुणी सांगितलंच नाही."

तिनं काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या वस्त्यांना निकाल कसे सांगायचे, ते काम तुझं."

मीटिंग संपल्यावर गृहस्थ हसले. "अहो, आधी सांगायचं ना!" असं म्हणत फोन कानाला लावून बाहेर गेले. येत्या शुक्रवारचं काही बोलले नाहीत. मला खुर्चीत बसवेना. जिन्यात येरझाऱ्या घालत राहिले. आनंद झाला होता, आणि उद्या शाळेत मुलीला कुणी काही बोललं तर, ही धास्तीही होती. शेवटी वाडीवर आईला फोन लावला.

"आये, आज हापिसात सांगलं मी, आपण कातकरी म्हणून."

"सगल्यांम्होरं?"

"हो."

"मंग आता नोकरी हाय ना तुजी?"