बाईंच्या खुर्चीतला जुना फोम

गादीवाल्याचं डोकं त्या दुपारी जे तापलं ते आठवडाभर निवलं नाही. चोराने घर फोडलं असतं तर चार शिव्या घालून त्याने कुलूप बदललं असतं. पण इथे घर फोडलं ते पोटच्या मुलीने, आणि तेही खरं बोलून.

माणूस कामाला वाघ. सोफे, खुर्च्या, गाद्या. तीस वर्षं हातात वाकडी सुई आणि तोंडात बारीक खिळे. तोंडात खिळे असतात म्हणूनच आमचं लग्न टिकलं, असं बायको म्हणायची. रविवारी चर्चमध्ये उपासनेला सगळ्यांच्या आधी हजर, तेही पुढच्या बाकावर. मुलगी सतराव्या वर्षी आपणहून पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचायला लागली, कोणी न सांगता शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची वेणी घालायला जाऊ लागली, तेव्हा याची छाती फुगली. दुकानात येईल त्याला सांगायचा, "आमची पोरगी म्हणजे सोनं हो, सोनं!" पण दोन वर्षांत तिची भक्ती वाढत वाढत घरातून दुकानापर्यंत आली. आणि सोन्याची झाली म्हणून सुरी काही कोणी उरात खुपसून घेत नाही.

झालं ते बाईंच्या खुर्चीवरून. बाई म्हणजे याला लहानपणी पाढे शिकवणाऱ्या. आता कंबर धरलेली, दिवसाचे दहा तास खुर्चीत जायचे, म्हणून ती आतून सगळी नवी भरायला दिली होती. त्याने वर दोन बोटं नवा फोम घातला, खाली जुनाच दाबून बसवला. वरून कापड ताणलं की आतलं कोणाला दिसतंय?

बाई खुर्ची बघायला आल्या, बसून पाहिलं, आणि सुई ओवणाऱ्या मुलीला विचारलं, "काय गं, आत सगळं नवंच ना?"

मुलीने बापाकडे पाहिलं. बापाने घाईघाईने तोंडातले खिळे तळहातावर काढले. "नवंच बाई, नवंच!"

"तुला नाही रे विचारलं."

"खालचा थर जुना आहे, बाई." मुलीने सांगितलं.

बाई काठी टेकत उठल्या आणि निघून गेल्या. शाळेत उत्तर चुकलं की अशाच एक शब्द न बोलता पुढच्या मुलाकडे वळायच्या.

"गिऱ्हाइकासमोर बापाचं नाक कापलंस!" तो कडाडला. "मला एकट्याला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं, बाबा. मंगळवारी, फोम कापताना. तुम्ही म्हणालात, रेडिओ मोठा कर."

त्याचा आवाज दुप्पट चढला. "उद्यापासून दुकानात पाय ठेवायचा नाही!"

घरी बायकोने ताट वाढता वाढता टोला हाणलाच. "खोटं बोललं की देवाला दिसतं, हे तिला तुम्हीच शिकवलंत ना?"

"ते साखर चोरून खाऊ नये म्हणून शिकवलं होतं!"

"मग साखरेपुरतंच आहे असं तेव्हाच सांगायचं होतं."

मुलगी ना रुसली ना भांडली, याचाच त्याला जास्त संताप. एकट्याने कापड ओढून ओढून त्याचा अंगठा टम्म सुजला. गिऱ्हाइकं यायची, इकडेतिकडे बघायची आणि विचारायची, "पोरगी कुठे आहे? तिला विचारून मग ठरवू म्हटलं." म्हणजे बातमी गावभर झाली होती. मनातल्या मनात तो देवालाही सोडत नव्हता: प्रभू, मी मुलगी मागितली होती, न्यायाधीश नव्हे.

शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला तो दातओठ खात बसला. आता ही बापाच्या पापांची क्षमा मागणार, आणि मग आपण हिला बघून घेणार! पण मुलगी एवढंच म्हणाली, "प्रभू, बाबांचा अंगठा दुखतोय. तो लवकर बरा होऊ दे."

आमेन न म्हणताच तो उठून गेला.

सोमवारी सकाळी दुकान उघडून त्याने बाईंची खुर्ची सूड उगवावा तशी फाडली. जुना फोम रस्त्यावरच्या कचरापेटीत कोंबला, तोही लाथ मारून. स्प्रिंगांपासून वरपर्यंत सगळं नवं भरलं. खालचं अस्तर मात्र त्याने शिवलं नाही. तशीच खुर्ची हातगाडीवर घालून बाईंच्या दारात नेली.

"आता सगळं नवं आहे, बाई."

"पोरीने सांगितलं?"

"नाही. मी सांगतोय."

"मग बघायला हवं," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची आडवी करायला लावली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि कोपरान् कोपरा चाचपला. पंचावन्न वर्षांचा बाप्या, कानापर्यंत लाल होऊन उभा. चांगला पाव तास.

"बरोबर आहे," अखेर बाई म्हणाल्या. "शिवून टाक."

"मी नाही. ती येऊन शिवेल."

घरी येऊन त्याने वाकडी सुई मुलीसमोर ठेवली, जवळजवळ आपटलीच. "बाईंकडे जा. अस्तर शिवायचं राहिलंय. आणि तिथून सरळ दुकानात यायचं, वाटेत गप्पा मारत बसायचं नाही."

मुलीने सुई उचलली. "बाबा, अजून रागावलाय?"

"हो. खूप."

"बरं," असं म्हणून तिने चपला घातल्या.