एका हिसक्याचा डगला

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या दिवशी काकांच्या डगल्यावरची दुसरी गाठ मी मारली होती.

काका म्हणजे आमचे शेजारी. चौक गावात त्यांचं वाणसामानाचं दुकान होतं, पण जीव सगळा नाटकाच्या कपड्यांच्या पेटीत. बंदांची बंडी घातलेला कुणी बाजारात भेटला की बोलता बोलता ते त्याचा बंद ओढायचे. "एक हिसका, माणूस मोकळा!"

"काका, बायामाणसं बघत्यात! लाज हाय का नाय?"

"सुरगाठ मारलीस ना? शहाणा आहेस. निरगाठवाल्याच्या वाटेला मी जात नाही."

पेटीतल्या कशालाही 'कोट' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "ही बाराबंदी. कमरेपर्यंत, बारा बंदांची, मावळ्याची. हा अंगरखा, गुडघ्याखाली जातो, दरबारात बसणाऱ्याचा. हा जामा, कमरेपासून घेर, खानाचा. आणि हा डगला. सगळ्यावरून घालायचा, आत कापूस." आम्ही हसायचो. पण तुम्हीही आठवून बघा, जत्रेतलं नाटक आपण कपड्यावरूनच ओळखायचो. घेर दिसला की शिव्या, बाराबंदी दिसली की टाळ्या.

"माथेरानला एका साहेबाचा कोट बघितला," एकदा म्हणाले. "नुसत्या गुंड्या! पेट घेतला तर साहेब गुंड्याच काढत बसेल रे."

शेवटचा प्रवेश ठरलेला असे. खानाच्या गोटातला सरदार, म्हणजे काकाच, डगल्याचा बंद ओढतो, डगला गळून पडतो आणि आत बाराबंदी! हा तर आपलाच हेर! तो एक हिसका बघायला ठाकूरवाडीतून माणसं चालत यायची. बंद काका स्वतः बांधत, दुसऱ्याचा हात लागू देत नसत. मी फक्त मागून त्यांचा शेला सारखा करायचो.

त्या वर्षी जत्रेला मला बघायला पाहुणे आले होते. मुलगीही होती. तिच्यादेखत काकांनी माझ्या बंडीचा बंद ओढला. मुलगी पदर तोंडाला लावून हसली. आज ती माझी बायको आहे, पण तेव्हा वाटलं, सगळं मोडलं. म्हटलं, काकांचंही एकदा हसं होऊ दे.

संध्याकाळी शेला सारखा करताना बगलेतल्या सुरगाठीवर आणखी एक गाठ मारली आणि घट्ट ओढली. काका आपलं भाषण पुटपुटत होते. त्यांना कळलं नाही.

पहिला हिसका. काही नाही. दुसरा. लोक हसायला लागले. "अडकला रं सरदार! वढा, काका, वढा!" पडद्याआडून मीही हसलो. तिसऱ्या हिसक्याला त्यांचा तोल गेला आणि ते मागच्या मशालीवर गेले. कापूस आधी आतून धुमसतो. ज्वाळ दिसेपर्यंत लोक हसतच होते.

एक ठाकूर कोयता घेऊन वर चढला, त्यानं बंद कापले आणि डगला ओढून काढला. तोवर उशीर झाला होता. धावपळीत मी ते कापलेले बंद उचलले आणि घरी येऊन चुलीत घातले.

काका थोडे दिवस जगले. केळीच्या पानांवर पडून असत. मी वारा घालायचो. त्यांची बोटं छातीवर सारखी हलत, नसलेला बंद बांधत, सोडत. "गाठ माझीच चुकली रे, बाळा," म्हणायचे. "सुरगाठच मारली होती ना मी? तू होतास ना मागे?"

मी म्हणालो, "मी शेला बघत होतो, काका."

अजून दर दसऱ्याला काकू पेटी उघडून कपड्यांना ऊन देतात. बाराबंदी, अंगरखा, जामा आणि शेवटी अर्धा जळलेला डगला. पेटी जड आहे, उचलायला मला हाक मारतात. "सगळ्या जन्मात त्यांची एकच गाठ चुकली बघ," दर वर्षी म्हणतात. मी पेटी आत ठेवतो आणि घरी येतो.

काकूंना मी अजून एक वाक्य देणं लागतो: काकू, त्यांची गाठ चुकली नव्हती.