बुधाजीकाकांचे काप

कल्पिता डॉक्टर नव्हती. पण उरणजवळच्या तिच्या गावात तिला सगळे डॉक्टरीणबाईच म्हणत आणि तिनेही कधी कुणाला अडवलं नाही. मान कुणाला नको असतो? खरं तर ती नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत किडनीचे काप काढायची. ऑपरेशनमध्ये काढलेल्या किडनीचा चांगला भाग मिळाला की यंत्रावर त्याचे पातळ पातळ काप करायचे आणि उबेला पोषक द्रवात ठेवायचे. ते काही दिवस जिवंत राहतात. किडनीत व्रण कसे धरतात, औषधाने ते थांबतात का, हे त्यांच्यावर बघायचं. द्रव मात्र रोज बदलायचा.

उभा जन्म मिठागरात राबलेल्या बुधाजीकाकांची एक किडनी गाठीमुळे काढावी लागली. तिचा चांगला भाग प्रयोगाला वापरायची संमती घ्यायला प्रयोगशाळेतल्या सरांनी गावची म्हणून कल्पितालाच पाठवलं. ती कागद वाचून दाखवू लागली तर काका म्हणाले, “तू हायस ना गो, मंग वाचतेस कशाला?”

काप शुक्रवारी लावले. “सुट्टीत कुणी येऊ नका, मी बघते,” असं तिने स्वतःच सरांना सांगून टाकलं. शनिवारी भावाची हळद, रविवारी लग्न, हे काही बोलली नाही. सकाळी पटकन जाऊन येऊ, असा तिचा हिशेब. पण आगरी घरातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, आणि ही एकुलती एक करवली. दोन्ही दिवस पाय निघाला नाही. एक फोन केला असता तरी कुणीही गेलं असतं. सर काय म्हणतील, म्हणून तिने तोही केला नाही.

सोमवारी बघते तर सगळे काप मेलेले. तिने नोंदवहीत लिहिलं, ‘ऊतक मुळातच खराब आले.’ सरांनी ते मानलं. आपलं पाप तिने त्या भल्या माणसाच्या किडनीवर ढकललं होतं, आणि आठवडाभर तिला स्वतःचीच किळस येत होती.

महिन्याभराने काका आणि त्यांची बायको नीराबाई घरी आले, तळ्यातला मोठा जिताडा मासा घेऊन. इकडे जिताडा साहेबालाच देतात, नाहीतर डॉक्टरला.

“कामाला आला का गो माजा तुकडा?” काकांनी विचारलं.

“आला,” ती म्हणाली. नीराबाई हसल्या, आणि ते हसू काही तिला सोसवेना. मग तिने सगळं सांगितलं. हळद, फोन, नोंदवहीतलं खोटं. “उद्या सरांनाही सांगते,” म्हणाली. मान वर करायची हिंमत नव्हती. काकांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

काका कमरेवरची टाक्यांची जागा चोळत बसले. मग अपराध्यासारखे म्हणाले, “दुसरी हाय गो, पन ती मलाच लागंल.”