तक्त्यात नसलेला थांबा

आई आमच्याकडे सव्वा वर्ष राहिली. त्यातले नऊएक महिने ती मजेत होती. त्या नऊ महिन्यांत आमच्या घराजवळून दुपारची बस जात होती.

अमेरिकेत हर्नडनजवळ आम्ही घर घेतलं तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. रस्त्यापलीकडे गवताची कुरणं होती आणि मधूनच एखादी काचेची इमारत उभी राहत होती. मी तिथल्या एका सरकारी ऑफिसात वाहतूक नियोजनाचं काम करायचो. कुठला रस्ता रुंद करायचा, कुठून बस न्यायची, त्यासाठी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारकडे काय मागायचं, याचे अहवाल लिहायचो. वडील गेल्यावर आईला सांगलीहून आणलं. बायको नोकरीला, मुलगी शाळेत, मी ऑफिसात. सकाळी आठपासून मुलगी शाळेतून येईपर्यंत आई घरात एकटी. तिला इंग्रजी बेताचं यायचं आणि गाडी चालवण्याचा तर प्रश्नच नव्हता.

बस तिची तिनेच शोधली. खिडकीतून रोज दिसते म्हणाली, आणि एके दिवशी बसली. तीन मैलांवर नागपूरच्या एका इंजिनीअरची आई राहायची, तिला मी मावशी म्हणायचो. एका सत्यनारायणाला दोघींची ओळख झाली होती. आई अकरा वीसच्या बसने मावशीकडे जायची आणि तीनच्या बसने परतायची. येताना कधी पिशवीत कढीपत्ता असे, कधी मावशीकडून ऐकलेली कुणाची तरी भानगड. मुलगी कुरकुरायची, "आजी इज नेव्हर होम नाऊ." मला ते ऐकून बरं वाटायचं.

एक अडचण होती. बसचा अधिकृत थांबा चार पदरी रस्त्याच्या पलीकडे होता आणि रस्ता ओलांडायला सिग्नल नव्हता. बस आमच्या बाजूने येऊन मग पलीकडे वळायची, म्हणून आई अलीकडच्या कोपऱ्यावरूनच हात करायची. ड्रायव्हर एक वयस्क काळा गृहस्थ होता. तो नियम मोडून तिथे बस थांबवायचा. हळूहळू आणखी तिघं तिथूनच चढू लागली. घरं साफ करायला जाणाऱ्या दोन एल साल्वादोरच्या बायका आणि काठी टेकत येणारा एक म्हातारा.

त्या सुमारास फेडरल सरकारने बस चालवण्यासाठीचा पैसा कमी करत आणला होता. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण नवी बस विकत घ्यायला पैसे मिळत, ड्रायव्हरच्या पगाराला आणि डिझेलला मिळत नसत. रस्ता रुंद करायलाही मिळत. साहजिकच कुठल्या फेऱ्या बंद करायच्या याची यादी करायची वेळ आली, आणि यादीसाठी मोजणी. माणसं कमी होती म्हणून साहेबांनी आम्हां नियोजनवाल्यांनाच बसमध्ये बसवलं. माझ्या वाट्याला आमच्याच भागातली बस आली. मी बदलून मागायला हवी होती. मागितली नाही, कारण बदलून का हवी ते सांगावं लागलं असतं.

मोजणी पाच दिवस होती आणि तिचा तक्ता साधा होता. डावीकडे थांब्यांची नावं, पुढे दोन रकाने, किती चढले आणि किती उतरले. पहिल्या दिवशी अकरा वीसला बस आमच्या कोपऱ्यावर थांबली आणि आई चढली. ड्रायव्हरने तिला "गुड मॉर्निंग, मॅम" म्हटलं. तिनेही ऐटीत "गुड मॉर्निंग" केलं, आणि मग तिला मी दिसलो.

"अगं बाई, तू इथे कसा? ऑफिस नाही आज?"

"हेच ऑफिस."

"बसमध्ये बसायचा पगार देतात तुला? आम्ही तर तिकीट काढून बसतो." ती माझ्या शेजारी टेकली आणि मांडीवरच्या कागदाकडे वाकून बघू लागली. "काय लिहितोस?"

"किती माणसं चढली ते."

"मग मला लिही की."

"लिहिलं."

मी लिहिलं नव्हतं. त्या कोपऱ्याला तक्त्यात ओळच नव्हती. कडेला टीप लिहिता आली असती, सूचनांमध्ये तशी सोय होती. पण टीप लिहिली की कोण चढलं, का चढलं, बस तिथे का थांबली हे विचारलं गेलं असतं. ड्रायव्हर अडचणीत येईल, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्या ऑफिसात मी एकटाच भारतीय होतो. इंडियन माणसाने आपल्या आईची बस वाचवण्यासाठी आकडे फुगवले, असं कुणी मनातसुद्धा म्हणू नये, अशी मला धास्ती होती. प्रामाणिकपणाचा मला तेव्हा फार गर्व होता. आईला वगळायचं म्हणून मी त्या दोन बायकांना आणि म्हाताऱ्यालाही वगळलं. पाचही दिवस.

साहेबांनी तक्ते पाहिले. ठरावीक सरासरीच्या खाली असलेली प्रत्येक दुपारची फेरी यादीत गेली. आमची दोन-तीन माणसांनी खाली होती. ते म्हणाले, "तुझ्या भागातली आहे ना? तुला काही सांगायचंय?"

"नाही," मी म्हटलं. "आकडे आहेत ते आहेत."

त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. ते कौतुक मला तेव्हा आवडलं, हेही इथे लिहायला हवं.

जनसुनावणी संध्याकाळी सात वाजता होती, आणि ज्या इमारतीत होती तिथे कुठलीच बस जात नव्हती. दोन माणसं आली, दोघंही गाडीने. ऑक्टोबरात फेरी बंद झाली.

आईने पहिल्यांदा फारसं मनावर घेतलं नाही. "असेल त्यांची काही अडचण," म्हणाली. मग ती मला विचारायला लागली, शनिवारी वेळ आहे का, मावशीकडे सोडशील का. मी सोडायचो. पण तिथे पोचल्यावर ती चहा झाला की उठायची, कारण मी घड्याळ बघतोय असं तिला वाटायचं. मी बघतही असेन. हिवाळ्यात तिने विचारणं बंद केलं. मार्चमध्ये म्हणाली, "मला परत जायचंय. इथे काही कमी नाही रे. पण कुठे जायचं म्हटलं की आधी कुणाला तरी विचारावं लागतं."

आता तिची पत्रं येतात. या आठवड्यात दोनदा मिरजेला जाऊन आले, एसटीला गर्दी होती, उभ्याने गेले, असं लिहिते. परत ये म्हणून मी दर पत्रात लिहितो. त्याचं उत्तर येत नाही.

ती निघायच्या आदल्या दिवशी मी रजा घेतली होती. म्हटलं, मावशीकडे सोडतो. ती म्हणाली, "चालत जाऊ या. तीन मैल काय, सांगलीत मी रोज चालायचे."

आम्ही निघालो. अर्धा मैल कडेच्या गवतातून गेलो. त्या रस्त्याचा रुंदीकरणाचा अहवाल माझाच होता. त्यात फुटपाथ नव्हता, कारण तिथून कुणी चालत नाही असं मी लिहिलं होतं. पुढे ओढ्यावरचा पूल लागला, आणि पुलावर कडेला पाऊल ठेवायलाही जागा नव्हती. एक ट्रक इतक्या जवळून गेला की आईच्या साडीचा पदर उडाला. मी तिचा दंड धरला. तिथे उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. तक्ता, ओळ, टीप, पाच दिवस.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण मी तर बसले होते ना? तुझ्या शेजारीच बसले होते."

मी तिचा दंड सोडला.

"आणि त्या दोघी? त्या कामावर कशा जातात आता?"

"माहीत नाही."

"विचारायचंस तरी." एवढंच म्हणाली आणि मागे वळली. घरी येऊन मी गाडी काढली. मावशीच्या दाराशी ती उतरली आणि काचेतून म्हणाली, "तू आत येऊ नकोस. आणि हॉर्न वाजवू नकोस. मी येईन तेव्हा येईन."

मी गाडीतच बसलो. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी होती. भांड्यांचा आवाज यायचा, मग दोघींचं बोलणं, शब्द कळत नव्हते, आणि एकदा आई मोठ्याने हसली. तसं हसलेलं मी तिला किती महिन्यांत ऐकलं नव्हतं. एक तास झाला, दोन झाले. ऑफिस सुटल्यावरच्या गाड्यांची रांग रस्त्यावर लागली. आत दिवा लागला, आणि तिने अजून थोडा वेळ बाहेर येऊ नये असं मला मनापासून वाटत राहिलं.