दादांचे हात

माझ्या सासुरवाडीच्या बोरिंगचा साठ फूट पाइप मी एका कपभर चहासाठी जमिनीच्या पोटात पाठवलेला आहे. लग्नाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. चिमूरजवळच्या त्या गावात हातपंपाचं वाशर बदलायचं होतं आणि चंद्रपूरचा नवा जावई म्हणून मी उत्साहानं पुढं झालो. वर ओढलेल्या पाइपाचा चिमटा घट्ट धरून बसायचं, एवढंच माझं काम. तेवढ्यात सासूबाईंनी "जवाईबापू, च्या घ्या" म्हणून कप पुढं केला आणि मी, संस्कारी माणूस, तो दोन्ही हातांनी घेतला.

खालून जो आवाज आला, तो ऐकून सगळं गाव माझ्या मेव्हण्यांकडं बघू लागलं. माझ्या बायकोचे हे थोरले भाऊ, दादा, पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते. ते ओट्याच्या कडेला बसले होते. त्यांनी शांतपणे दोन्ही तळहात मांड्यांखाली सारले आणि म्हणाले, "पाडला तुमी. आता काढा बी तुमीच."

दिवस मावळेपर्यंत मी दोरीला आकडा बांधून पाइप शोधत होतो. पाण्यासाठी थांबलेल्या बायांपैकी रेखाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "काही म्हणा, जवाई च्या तं मस्त पेते!" दादा हसले, पण हात काही बाहेर आले नाहीत.

ते हात मांडीखाली गेले की माझं डोकं फिरायचं. मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, आमचा कूलर बंद पडला. घरात साक्षात इंजिनिअर पाहुणा. पण तो पाहुणा पलंगावर हात दाबून बसला आणि मला विचारू लागला, "पाणी वर काऊन चढत नाई, सांगा बरं?" मला ठाऊक असतं तर मी बँकेत कारकुनी केली असती का? "मिस्त्री बोलावतो," मी म्हटलं. "आन उद्या मिस्त्री नसला तं?" दोन तास घामानं निथळत मी तो कूलर खोलला आणि पंप उलटा बसवून पुन्हा खोलला. दादाही निथळत होते. पण हात? नाव नको!

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला ते तालुक्यातले सगळे पंप स्वतः दुरुस्त करत. गावोगाव हारतुरे. मग टायफॉइडनं महिनाभर अंथरुणाला खिळले. त्यांच्याच गावचं बोरिंग बिघडलं आणि महिनाभर तसंच पडून राहिलं. त्यांची म्हातारी आई डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड घेऊन नदीवर जायची. "मी बिमार, तं गाव तहानलेलं," ते म्हणाले, "मंग मी दुरुस्त काय केलं होतं?"

निवृत्त झाल्यावर माणूस घर बांधतो, देवदर्शन नाहीतर बुद्धगया करतो. हे स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेत मलावीला गेले, खेड्यातले पंप बघायला. तिथल्या भाषेतला एकच शब्द त्यांनी पक्का केला, 'पांगोनो-पांगोनो', म्हणजे हळूहळू. व्हिडिओ कॉलवर आम्हाला काय दिसायचं? चार बाया पंप खोलतायत आणि मागं ओट्यावर आमचे दादा, हात मांडीखाली. वर्षाच्या शेवटी संस्थेनं अहवाल मागितला. 'दुरुस्त केलेले पंप' या रकान्यात दादांनी शून्य भरलं. साहेब भडकला. मग त्यानं पान उलटलं, तर मागं पंप खोलता येणाऱ्या बायांची नावं, पान भरून, समासापर्यंत. संस्थेनं दादांना पुन्हा बोलावलं.

आमच्या घरात मात्र रणकंदन झालं. दादांना शुगर. पायाची जखम चार महिने भरत नव्हती.

"दादा, पाय पाह्य न तुहा! कुठी चालला तू असा?" बायको रडकुंडीला आली.

"तिथी बी डागदर आहेत, माय."

"तिथी मी नाई न!"

जायच्या सकाळी सासुरवाडीहून त्यांना नागपूरच्या विमानतळावर मी सोडणार होतो. बॅगा गाडीत, जय भीम म्हणून झालेलं, आणि समोरचं बोरिंग कोरडंच खडखडायला लागलं. वाशर गेलं. बंद बोरिंग मागं ठेवून दादांचा पाय निघेना आणि नियम मोडून हात निघेना. ते ओट्यावर बसले. हात खाली.

रेखाबाई आणि चार-पाच जणींनी पदर खोचले. माझी बायकोही पुढं झाली. एरवी तिचे हात मशीनसारखे चालतात, पण त्या दिवशी कमालच. पाना दोनदा पडला. एक नट तर हरवलाच. मी घड्याळ बघतोय, हॉर्न वाजवतोय.

"दादा, आज तरी हात लावा! विमान जाईल!"

"जाऊ द्या. त्याले पायलट आहे न."

शेवटी रेखाबाईंनी "सरक वं, तुह्यानं नाई होत आज" म्हणून बायकोच्या हातातून पाना ओढून घेतला, घरून जुना नट आणला, आणि बघता बघता पाइप वर, वाशर नवं, पाइप खाली. पाणी आलं. दादा उठले, सगळ्यांना हात जोडले. तेव्हा मला त्यांचे तळवे दिसले. ओट्याच्या गिट्टीचे लालभडक खड्डे त्यात उमटले होते. इतके दाबून धरले होते त्यांनी ते हात.

विमान मिळालं. काउंटर बंद व्हायच्या बेतात दादा आत गेले, लंगडत.

परतताना उमरेड आलं, तेव्हा शेजारी बसलेल्या बायकोला मी म्हटलं, "तुला आज झालं तरी काय होतं? साधा नट सांभाळता येईना?"

तिनं पदराची गाठ सोडली आणि नट समोर डॅशबोर्डवर ठेवला.

"हरवला नव्हता," ती म्हणाली. "मले वाटलं, घंटाभर उशीर केला तं राह्यते दादा. पण त्या मेल्यानं साऱ्या गावालेच शिकवून ठेवलं. माह्या एकटीच्यानं का होते?"