पालावरची खरी नावं

लकडगंजच्या मागच्या पडीत जागेत आमची पालं होती. आम्ही पारधी. नवऱ्याले सोडून मी बापाच्या पालात परत आली होती अन् लाकडाच्या टालावर चिपा वेचायची. चार बुकं शिकलेली पालावर मी एकटीच, म्हणून तोरा भारी होता माझा.

एक दिवस नोटीस आली, महिन्याभरात जागा खाली करा. मी अन् बा वॉर्डाच्या मेंबराकडे गेलो. तो म्हणे, "मतदार यादीत तुमच्यातलं एकही नाव नाही. मी कोणासाठी भांडू?"

माय वं! मागल्या वर्षीच तर यादीवाला पालावर येऊन सगळ्यांची नावं लिहून गेला होता. मी तेव्हा टालावर होती. तशीच शाळेत गेली, भिंतीवरची यादी वाचली. आमच्या पालांच्या पत्त्यावर चाळीसेक नावं होती, पण सगळी अनोळखी!

बाले विचारलं तर तो हसला. रजिस्टर घेऊन कोणी आला की खोटं नाव सांगायचं, ही आमची रीतच. आजाच्या काळात पोलिस हजेरी घ्यायचे अन् कुठं चोरी झाली की रजिस्टरातला पारधी उचलायचे. यादीवालाही लोकांले पोलिसच वाटला. बाने तर त्याले फौजदाराचं नाव सांगितलं होतं! कोणी काय सांगितलं, आता कोणालेच आठवेना.

मले हसू आलं, अन् लगेच डोकं तापलं. "ज्याले नाव नाही त्याले जागा कोण देईन, बा?"

"तुले काय समजते वं पोरी? तुया आजाले खऱ्या नावानं नेलं. तो परत आलाच नाही."

  तरी मी हटली नाही. आठ दिवस पालोपाल फिरून 'खरं नाव लिहू द्या' म्हणत राहिली.

"नळ भेटन काय वं?" एका म्हातारीनं विचारलं.

"भेटन. भांडून घेऊ."

"अन् पोलिस आले तं?"

"तं मले पुढं करा."

ठरल्या दिवशी आम्ही पंधरा जण यादीत नाव लावायले कचेरीत गेलो. सगळ्यांचे फारम मीच भरले. माझा सगळ्यात आधी भरून बाबूपुढं ठेवला, म्हणजे बाकीच्यांची भीती मोडन. बा येणार नव्हता. पण दुपारी आला, घामानं निथळत. त्याचा फारम बाबूनंच भरायले घेतला.

"नाव?"

दारात एक पोलिस शिपाई उभा होता. बाने त्याच्याकडं पाहिलं.  मग बाने आपलं नाव सांगितलं, आपल्या बापाचंही सांगितलं, एवढ्या जोरानं की शिपायानं वळून पाहिलं.

हे नाव कोणाचं? आईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, पालावर तो सगळ्यांचा दादा. अन् शाळेत माझ्या नावापुढं त्यानं बापाचं म्हणून जे लावलं होतं, तेही खोटंच निघालं, अन् फारमातही मी तेच लिहिलं होतं. बावीस वर्षांची होती मी, अन् बापाचं नाव पहिल्यांदा ऐकत होती.

बाबूपुढचा माझा फारम मी उचलला, टराटरा फाडला अन् म्हटलं, "दुसरा द्या."