मामांच्या दोन्ही हातांत कप
डिझेलचा वास आला की मला मिरजेच्या एका दवाखान्यातली, जनरेटरला लागून असलेली सर्व्हरची खोली आठवते. लांबच्या आटपाडीकडच्या पेशंटना नुसत्या रिपोर्टसाठी परत यायला लागू नये म्हणून आम्ही रिपोर्ट वेबसाइटवर देणार होतो. पण ती बंद पडत नाही हे स्वतः पाहिल्याशिवाय मोठ्या डॉक्टरीणबाई परवानगी देणार नव्हत्या. मी दोन सर्व्हरचा क्लस्टर, म्हणजे एकमेकांवर लक्ष ठेवणारी जोडी, करून वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, वेबसर्व्हरची, त्यात नोंद केली होती, म्हणजे एका सर्व्हरचा संपर्क तुटला की अर्ध्या मिनिटात क्लस्टरने आपणहून दुसऱ्यावर वेबसाइट चालू करायची. चाचणीसाठी पहिल्या सर्व्हरची नेटवर्कची वायर काढायचं काम फौजेतून निवृत्त झालेल्या वायरमनमामांकडे होतं. त्यांनी वायर काढली, वायरीजवळचा दिवा विझला आणि लगेच त्यांनी ती परत खोचली. "मामा, राहू द्या की!" मी ओरडलो. "आवं सायेब, बंद पडलेलं नुसतं बघत बसायचं व्हय?" दुसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा बाईंनी आपला काठोकाठ भरलेला चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "दोन्ही हातांनी धरा. सांडला तर फरशी तुम्ही पुसायची." या वेळी वायर मी काढली. मामा कप धरून तळमळत उभे राहिले, आणि थोड्या वेळात बाईंच्या मोबाइलवर रिपोर्ट उघडला. "झालं की चालू! मग आता मी काय करू?" मामांनी विचारलं. "चहा प्या," बाई म्हणाल्या, "निवतोय." परवा घरची लाइट गेली तेव्हा इन्व्हर्टर लागायचीही वाट न बघता मी मीटरकडे धावलो, तर मामांची ही गोष्ट कितीदा तरी ऐकलेल्या बायकोने काठोकाठ भरलेला चहाचा कप माझ्या हातात दिला.